माळावरचं गवत कशानं मोजायचं? ड्रोन, उपग्रह की लोखंडी चौकट

गायरान समितीतली माणसं, मेंढपाळांचे गट, चाऱ्यासाठी माळ राखून ठेवणारे शेतकरी यांच्याकडून गेल्या दोन-तीन वर्षांत एकच प्रश्न येतो: माळावर लक्ष ठेवायला आपण ड्रोन घ्यावा का? सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. माळावर गवत किती आहे, कुठं आहे आणि ते किती दिवस पुरेल हे दसऱ्याच्या सुमाराला कळलं, तर मेंढरं कधी हलवायची आणि कडबा किती घ्यायचा हे वेळेत ठरवता येतं. कळायला फाल्गुन उजाडला तर फार उशीर झालेला असतो. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

माझं मत आधीच सांगतो. शंभर एकरांच्या, म्हणजे साधारण ४० हेक्टरांच्या माळासाठी ड्रोन विकत घेऊ नका. वर्षातून एकदा भाड्यानं बोलवा. उपग्रहाची चित्रं फुकट आहेत, ती बघायला आजच शिका. आणि या दोन्हींच्या आधी गावातल्या वेल्डरकडून एक मीटर बाय एक मीटरची लोखंडी चौकट करून घ्या. असं का म्हणतो, ते तिन्ही साधनं शेजारी-शेजारी ठेवली की दिसेल.

चौकट

पद्धत साधी आहे. माळावर ठरवलेल्या जागी चौकट टाकायची, आतलं गवत विळ्यानं कापायचं, जातीनुसार वेगळं करायचं, उन्हात वाळवायचं आणि वजन उतरायचं थांबलं की तोलायचं. एका चौरस मीटरात १०० ग्रॅम वाळलं गवत निघालं, तर हेक्टरी १००० किलो. ४० हेक्टरांचे झाले ४०,००० किलो. त्यातलं निम्मं माळालाच ठेवायचं, म्हणजे मुळं जगतात, बी पडतं, मुरूम उघडा पडत नाही. उरलेलं २०,००० किलो. एका मेंढीला दिवसाला किलोभर वाळला चारा धरला, तर २०० मेंढरांना १०० दिवस. ड्रोनचा नकाशा किंवा उपग्रहाचं चित्र हे उत्तर एकट्यानं कधीच देत नाही. चौकट देते.

शिवाय तिथं गवताची ओळख होते. मारवेल किती, पवना किती, शेडा किती आणि कुसळी किती. कुसळी कोवळी असताना जनावर खातं, पण तिला कुसळं धरली की ती मेंढरांच्या लोकरीत, कातडीत आणि तोंडात घुसतात. कुसळीचं ४०० ग्रॅम आणि मारवेलचं ४०० ग्रॅम सारखं नाही, आणि हा फरक वरून दिसत नाही.

चौकटीची कमजोरीही मोठी आहे. ४० हेक्टर म्हणजे चार लाख चौरस मीटर. त्यात तुम्ही २५ चौकटी टाकल्या, तर दर १६,००० चौरस मीटरांमागे एक चौरस मीटर बघितला. त्या २५ चौकटी कुठं पडल्या यावर सगळं उत्तर अवलंबून असतं. माणूस नकळत गवत चांगलं असेल तिथंच चौकट टाकतो. मीही टाकली आहे. एका वर्षी आमचा अंदाज त्यामुळे इतका वर गेला की डिसेंबरापर्यंत पुरायला हवं होतं ते गवत दिवाळीनंतर लगेच संपलं, आणि ज्यांना मी आकडा दिला होता त्यांना महाग कडबा घ्यावा लागला. तेव्हापासून चौकटीच्या जागा मी कागदावर आधी ठरवतो आणि माळावर गेल्यावर बदलत नाही.

उपग्रह

युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह २०१५ पासून चित्रं काढत आहेत. २०१७ मध्ये जोडीला दुसरा आला आणि दर पाच दिवसांनी एक चित्र मिळू लागलं. चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० बाय १० मीटरचा असतो. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर ही चित्रं फुकट बघता येतात, मोबाइलवरसुद्धा. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन प्रकाशांच्या फरकावरून हिरवेपणाचा निर्देशांक काढतात, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. आकडा उणे एक ते एक यांच्यामध्ये असतो. आपल्या माळावर गवत विरळ आणि खाली मुरूम उघडा असतो, त्यामुळे मातीचा रंग आकड्यात मिसळतो. मातीसाठी दुरुस्ती केलेला एसएव्हीआय हा निर्देशांक अशा ठिकाणी जास्त बरा.

उपग्रहाचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे जुनी नोंद. ड्रोन मागच्या वर्षात जाऊन उडत नाही. उपग्रहाची २०१८ च्या दुष्काळातली ऑक्टोबरची चित्रं आजही जागेवर आहेत. ती काढा, मग चांगल्या पावसाच्या वर्षातली ऑक्टोबरची चित्रं शेजारी ठेवा. माळाचा कोणता भाग दुष्काळातही तग धरून होता आणि कोणता भाग चांगल्या पावसातही हिरवा झाला नाही, हे तासाभरात कळतं. जो भाग चांगल्या वर्षातही उठला नाही, तिथं पावसाची तक्रार नाही. तिथं चराई जास्त आहे किंवा माती गेली आहे. माझ्या मते गायरान समितीच्या पहिल्याच बैठकीत ही दोन चित्रं भिंतीवर लावायला हवीत.

अडचणी तीन. गवत जोमानं वाढतं ते जुलै-ऑगस्टात, आणि नेमकं तेव्हा आभाळ भरलेलं असतं. महिना-महिना एकही स्वच्छ चित्र मिळत नाही. दुसरी अडचण आकाराची: दहा एकरांचा, समजा २०० बाय २०० मीटरचा तुकडा असेल तर त्यात फक्त ४०० ठिपके बसतात, आणि त्यातले कडेचे ७६ ठिपके शेजारच्या उसाचा किंवा ज्वारीचा रंग घेऊन येतात. तिसरी अडचण मला एका मेंढक्या मामांनी दाखवली. मोठ्या उत्साहानं त्यांच्यापुढं नकाशा धरला आणि माळाच्या खालच्या अंगाचा गर्द हिरवा पट्टा दाखवला. ते म्हणाले, “वरनं हिरवं दिसतंय खरं, पर तिथं मेंढरू तोंड लावत न्हाई.” जाऊन बघितलं तर कमरेएवढं गाजरगवत.

ड्रोन

इथं जरा थांबतो, कारण निर्णय याच साधनाचा घ्यायचा आहे.

साध्या २० मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा ड्रोन १२० मीटर उंचीवरून फोटो काढतो तेव्हा एक ठिपका जमिनीवर साधारण ३.३ सेंटिमीटरचा येतो, ६० मीटरवरून त्याच्या निम्मा. उपग्रहाच्या एका ठिपक्यात ड्रोनचे नव्वद हजारांहून जास्त ठिपके बसतात. एवढ्या बारकाईत गाजरगवताचा पुंजका वेगळा दिसतो, वेड्या बाभळीचं रोप दिसतं, मेंढरांच्या वाटा दिसतात, नुकतीच पडू लागलेली घळ दिसते. एकावर एक येणाऱ्या फोटोंमधून उंचीही काढता येते, म्हणून ऑक्टोबरनंतर पिवळं पडलेलं गवतही झाडोऱ्याच्या उंचीवरून थोडंफार पकडता येतं. तेव्हा हिरवेपणाचा निर्देशांक खाली आलेला असतो आणि उपग्रहाच्या चित्रात भरल्या गवताचा माळ ओसाड दिसतो. आभाळ भरलेलं असलं तरी ढगांखालून उडता येतं.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात हॉर्नाडा हे १९१२ पासूनचं कुरण संशोधन क्षेत्र आहे. तिथला पाऊस सोलापूरच्या निम्म्याहून कमी. अल्बर्ट रँगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजारच्या दशकात तिथं विनावैमानिक विमानं उडवून कुरणांचे अगदी जवळून घेतल्यासारखे फोटो मिळवले. त्यांच्या कामातून मी एक गोष्ट उचलली: हवेतून मोजायला सोपं आणि भरवशाचं काय, तर उघडी जमीन शेकडा किती, झुडपांनी जागा किती व्यापली आणि दोन रोपांमधली मोकळी जागा किती. तिथं गवताळ रानात मेस्कीट नावाचं काटेरी झुडूप घुसलं आहे. आपली वेडी बाभूळ त्याच कुळातली, अमेरिकेतूनच इकडं आलेली. म्हणजे त्यांचा आणि आपला प्रश्न सख्खा आहे, आणि ड्रोनचा खरा उपयोग या प्रश्नासाठी आहे. वजनासाठी नाही.

आता एका बॅटरीत किती माळ होतो ते पाहू. १२० मीटर उंचीवरून फोटोची रुंदी १८० मीटर येते. शेजारच्या दोन फेऱ्या ७० टक्के एकमेकींवर यायला हव्यात, म्हणून फेऱ्यांमधलं अंतर ५४ मीटर. सेकंदाला आठ मीटर वेगानं २० मिनिटं उडालं, तर साडेनऊ किलोमीटर. हिशेबानं ५० हेक्टर होतात, वळणं आणि परतीचा प्रवास धरून चाळीसच्या आसपास. म्हणजे तुमचा सगळा माळ एका बॅटरीत, फार तर दोन. वर्षाकाठी चाळीस मिनिटं उडणाऱ्या यंत्रात गटाचे पैसे अडकवून ठेवावेत का, याचा विचार करा. अवरक्त प्रकाश टिपणारा मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा हवा असेल तर किंमत काही लाखांच्या घरात जाते. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे कुणी जुना परदेशी ड्रोन स्वस्तात देऊ केला तर सुटे भाग कुठून आणणार हे आधी विचारा.

“आमच्या बचत गटाला ड्रोन दीदी योजनेतून ड्रोन मिळणार आहे, त्यानंच करू,” असं एक ताई म्हणाल्या. त्या योजनेत गटाला ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त आठ लाखांचं साहाय्य आहे. पण तो ड्रोन फवारणीचा. टाकी वाहून नेणारं ते जड यंत्र नकाशासाठी बनवलेलं नसतं. तसंच स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली ती गावठाणाची, गायरानाची नव्हे. तो नकाशा तुमच्या माळाच्या कामाचा नाही.

सोलापूरचं हवामान ड्रोनला सोपं नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि बऱ्याच छोट्या ड्रोनची मर्यादा चाळीस अंशांचीच असते. जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा माळावर अडवायला काही नसतं. सेकंदाला आठ-दहा मीटरच्या वर वारा गेला की फोटो हलतात, बॅटरी लवकर बसते. माझ्या मते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ सगळ्यात योग्य: गवत भरलेलं, अजून हिरवं, वारा पडलेला. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, म्हणजे सावल्या आखूड असतात. दुसरं उड्डाण परवडलं तर फेब्रुवारी-मार्चात, उघडी जमीन मोजायला.

नियम, पाखरं आणि मेंढरं

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे सरकारी हवाई नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. पण सोलापूरचा होटगी रस्त्यावरचा विमानतळ आता सुरू आहे. त्याच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, आणि आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं गाव कुठल्या रंगात येतं ते आधी बघा. भाड्यानं येणाऱ्याकडे ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि वैमानिकाचं प्रमाणपत्र मागा. “लग्नाचं शूटिंग करतो, हेही करून देतो” म्हणणारा नको.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. तुमचा माळ त्याच्या हद्दीत येत असेल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोनचं नावही काढू नका. हद्दीबाहेरही जपायला हवं, कारण पाखरांना आणि काळविटांना हद्द माहीत नसते. चंडोल, टिटवी, धाविक ही पाखरं जमिनीवरच अंडी घालतात. पंख्याच्या आवाजानं पाखरू उठलं आणि उन्हात अंडी उघडी राहिली, तर तुमच्या नकाशाची किंमत त्यानं भरली. पावसाळ्यात कमी उंचीवरून उडवणं टाळा. मेंढरं चरत असतील तिथून उड्डाण करू नका. कळप बुजून फुटला की गोळा करायला मेंढक्याची अर्धी दुपार जाते आणि गाभण मेंढीला इजा होऊ शकते. घारी ड्रोनच्या अंगावर येतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावं.

मग गटानं काय करावं?

तुमचा माळ दहा-वीस एकर असेल तर चौकट आणि पायी फेरी पुरे, बाकी कशाचीही गरज नाही. पाचशे एकरांच्या वर, अनेक गावांचा मिळून असेल तर उपग्रहाला पर्याय नाही, आणि ड्रोन फक्त शंका असलेल्या तुकड्यांवर. मधल्या आकारासाठी, जो बहुतेक गायरानांचा आहे, क्रम असा ठेवा. उन्हाळ्यात उपग्रहाची जुनी चित्रं बघून माळाचे चार-पाच भाग पाडा: नेहमी हिरवा, कधीतरी हिरवा, कायम उघडा. ऑक्टोबरात ड्रोन एकदा उडवा आणि गाजरगवत, घाणेरी, वेडी बाभूळ यांची जागा नकाशावर मांडा. त्यानंतर आठवड्याच्या आत प्रत्येक भागात पाच-सहा चौकटी टाका. ड्रोनच्या नकाशामुळे चौकट कुठं टाकायची हे मनावर राहत नाही, आणि चौकटीमुळे नकाशातल्या रंगाला किलोचा अर्थ येतो. फोटो जोडायला वेबओडीएम आणि नकाशा बघायला क्यूजीआयएस ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. गावातलं बारावी झालेलं पोरगं महिन्याभरात शिकतं. भाड्यानं ड्रोन आणताना करारातच लिहून घ्या की मूळ फोटो गटाकडे राहतील. नुसती पीडीएफ घेऊन समाधान मानू नका, पुढच्या वर्षी तुलना करायला तिचा उपयोग होत नाही.

साध्या ड्रोनचं जीपीएस काही मीटर इकडंतिकडं सरकतं. त्यामुळे दोन वर्षांचे नकाशे एकमेकांवर बसत नाहीत आणि घळ वाढली की फोटो सरकला हे कळत नाही. त्यासाठी माळाच्या चारी कोपऱ्यांवर आणि मध्ये एक असे हलणार नाहीत असे पाच मोठे दगड निवडा, त्यांना चुना मारा आणि त्यांच्या जागा वहीत उतरवून ठेवा. हे काम पहिल्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी करायचं, नंतर नाही.