विमान-अंतराचं ॲप, आठ महिने वापरून : अपिया ते पांगो पांगो

ॲपचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. दोन विमानतळ टाकले की अंतर आणि वेळ सांगणारी जी ॲपं असतात, त्यातलंच एक. फुकटात दिवसाला तीनच शोध, म्हणून वर्षाची वर्गणी भरली. तीच चूक.

मी शीतगृहांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. मुक्काम प्रशांत महासागरातल्या सामोआत, अपियाला. महिन्यातून एक फेरी अमेरिकन सामोआत, पांगो पांगोला (लिहितात पागो, म्हणतात पांगो). अपियाच्या फालेओलो विमानतळावरून ॲप 150 किमी आणि 41 मिनिटं दाखवतं. पहिल्या फेरीला घड्याळ लावून बसलो. 19 आसनांचं ट्विन ऑटर, त्याआधी बॅगेसकट माझंही वजन, तेही अख्ख्या रांगेसमोर. उतरलो तेव्हा 40 मिनिटं झाली होती. खूश! नंतर हिशेब उकलला: ॲप सरसकट जेटचा ताशी 800 किमी वेग धरतं आणि वर अर्धा तास ठोकून देतं. आमचं विमान जेमतेम 300 ने जातं. रीत चूक, उत्तर बरोबर.

खरी गोची तारखेची. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे, ती ओलांडली की तारीख एका दिवसाने बदलते. 2011 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून सामोआने रेषेची बाजू बदलली, 30 डिसेंबरचा शुक्रवार कॅलेंडरातून गेलाच. अमेरिकन सामोआ जागचं हललं नाही. आता दोघांत बरोबर 24 तासांचा फरक. घड्याळाला हात लावायचा नाही, फक्त वार बदलायचा.

दुसऱ्या फेरीला बुधवारी सकाळी 10 चं विमान होतं. ॲपने दाखवलं, पोहोच 10:41, पुढे ‘+1’. मी मुकाट्याने गुरुवारपासून खोली घेतली. उतरलो मंगळवारी! काउंटरवरच्या मुलीने वही उलटसुलट केली आणि म्हणाली, तुमची खोली परवापासून आहे. दोन रात्रींचे जादा पैसे, तेही डॉलरमध्ये. पगार मात्र सामोआच्या चलनात, टालात. घरी सांगितलं तर बायको म्हणते, “अहो, तिथे राहता आणि एवढं कळत नाही?” कळतं. पण वर्गणी कशाची भरली मग?

चार महिन्यांनंतर : तक्रारीला तीन आठवड्यांनी उत्तर आलं, अपडेटही आलं. जाताना आता चक्क ‘−1’ दिसतं. एकाचे तीन तारे केले.

त्यानंतर आठवड्याने : परतीलाही ‘−1’ दाखवतंय. म्हणजे पांगोहून शुक्रवारी निघून मी अपियात गुरुवारी पोहोचणार. पुन्हा एक तारा.

अंतरापुरतं म्हणाल तर ॲप चोख आहे, किलोमीटरला कधी चुकलं नाही. पण ते 150 किमी आता मला पाठ आहेत. वर्गणी मार्चमध्ये संपते. तोवर भिंतीवर पुण्याहून आणवलेलं कालनिर्णय आहे. फेरीच्या तारखेवरून पेन्सिलने एक बाण काढतो, जाताना एक घर मागे, येताना एक घर पुढे.