नाकतोड्यांची जात ठरवण्यासाठी झूम स्टिरिओ मायक्रोस्कोप: दोन हंगामांच्या वापरानंतर

मावळातील भातखाचरांतून गोळा केलेल्या नाकतोड्यांची जात निश्चित करण्यासाठी मी ७ ते ४५ पट मोठे दाखवणारा एक झूम स्टिरिओ मायक्रोस्कोप विकत घेतला. शाळकरी वापरासाठी कोणतेही असे उपकरण चालून जाते, परंतु या कामात त्याची खरी कसोटी एकाच ठिकाणी लागते, ती म्हणजे नराच्या उदराच्या टोकात दडलेला एपिफॅलस (जननेंद्रियावरची पुलाच्या आकाराची कठीण पट्टिका) त्यातून स्पष्ट दिसतो की नाही.

नाकतोड्यांच्या बाबतीत रंगावर विसंबता येत नाही. ॲक्रिडा प्रजातीतील एकाच जातीचे नाकतोडे हिरवेही असतात आणि वाळक्या गवताच्या रंगाचेही. दोन वेगळ्या जाती मानले गेलेले टोळ ही एकाच जातीची एकाकी व थव्यातील रूपे आहेत, हे कीटकशास्त्रज्ञ बोरिस उव्हारोव्ह यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले होते. याउलट भातावरच्या ऑक्सिया प्रजातीतील जाती वरून इतक्या सारख्या दिसतात, की हिरवे अंग आणि डोळ्यामागून गेलेला तपकिरी पट्टा पाहून त्यांना नाव देणे धाडसाचे ठरते. तेथे नराचा एपिफॅलस आणि मादीच्या उदराखालच्या शेवटच्या पट्टिकेवरील काटेच निर्णय देतात. नवी जात म्हणून वर्णन लिहायचे असेल, तर हा भाग सर्व जवळच्या जातींशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

वाळलेला नमुना दमट डब्यात मऊ करून, टोक वाकवलेल्या टाचणीने एपिफॅलस बाहेर काढावा लागतो व पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात त्यावरचे स्नायू विरघळवावे लागतात. भिंग आणि नमुना यांच्यात सुमारे १०० मिलिमीटर अंतर राहत असल्यामुळे हे काम दोन्ही हातांनी, चिमटा भिंगाला न अडता, करता येते. ग्लिसरिनच्या थेंबात ठेवलेला तो इवलासा पूल आणि त्याचे आकडे ४० पटींवर इतके रेखीव दिसतात, की पहिल्या दिवशी मी जेवायचेही विसरलो.

मोठा दोष मोजमापाचा आहे. झूमच्या चाकाला ठरावीक टप्प्यांवर खटका नाही, त्यामुळे चाक किंचित सरकले तरी नेत्रभिंगातील मोजपट्टीचे गणित बदलते आणि प्रत्येक बैठकीत ती नव्याने जुळवून घ्यावी लागते. विक्रेत्याने याची कल्पना दिली नव्हती, आणि विचारल्यावर मिळालेले उत्तर असे होते की ‘एवढे कोणी मोजत नाही’. जातीच्या वर्णनात मात्र एवढेच मोजतात.

सोबतच्या एलईडी कड्याचा प्रकाश मानेमागच्या खोगिरासारख्या ढालीवर चकाकतो आणि तिच्यावरच्या आडव्या खाचा पुसल्यासारख्या होतात. कड्याखाली बटर पेपरची गुंडाळी लावली की त्या पुन्हा उठून दिसतात. कॅमेरा सामान्य आहे. रातकिड्याच्या पंखाखालील दातेरी शिरेचे दात मोजायचे असतील, तर पंख काचपट्टीवर घेऊन संयुक्त सूक्ष्मदर्शकाकडेच जावे.

२८ हजार रुपयांत भिंगांची गुणवत्ता अपेक्षेपेक्षा चांगली मिळाली, म्हणून घेण्यास माझी हरकत नाही. फक्त खटक्याचे चाक असलेला नमुना दुकानात स्वतः फिरवून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.