लग्नाच्या शूटिंगवाल्याने काढलेली आमची पुनर्विकासाची सभा

ठाण्यातली आमची सोसायटी. 56 सभासद, इमारत 1984 ची, पावसाळ्यात जिन्यात बादल्या. बिल्डर निवडायच्या विशेष सभेचं शूटिंग करायला नाक्यावरच्या स्टुडिओवाल्याला बोलावलं होतं. त्याला पाचापैकी तीन स्टार.

शूटिंग ही आमची हौस नव्हती. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालचा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय आहे. बिल्डर निवडायच्या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हवा, दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी निदान 51 टक्क्यांची संमती हवी आणि सभेचं चित्रीकरण हवं. म्हणजे आमच्या हिशेबात कोरमला 38 डोकी आणि बिल्डरला 29 मतं. आले 44.

माणूस वेळेवर आला. दोन कॅमेरे, एक स्टँडवर, एक खांद्यावर. दार उघडताना आत येणाऱ्यांवर झूम करायची सवय काही सुटत नव्हती. तळमजल्याच्या आजींना तर नवरीच्या आईसारखं टिपलंय. चित्र स्वच्छ. आवाज मात्र पंख्याखाली बसलेल्यांचा अर्धाच येतो. एका कॉर्डलेस माईकवर 44 माणसं, त्याला तो तरी काय करणार. चार तासांचे 6,500 रुपये. हॉलच्या भाड्यापुढे काहीच नाही.

आठवड्याने पेनड्राइव्ह आला. सुरुवातीला सोनेरी अक्षरांत सोसायटीचं नाव, खाली सनई. हसलो आम्ही. पण पाहताना मला काहीतरी खटकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सभासदाने बिल्डरने द्यायच्या, प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटीचा (बँकेच्या हमीचा) विषय काढला होता, त्यावर चांगलीच जुंपली होती. बिल्डर मध्येच बुडाला तर हातात काय, असा साधा प्रश्न. व्हिडिओत तो उभा राहतो आणि पुढच्याच क्षणी सगळे चहा घेताना दिसतात. इतिवृत्ताच्या मसुद्यातही एकच ओळ: "किरकोळ चर्चेनंतर ठराव मंजूर."

मी स्टुडिओत गेले. तो अगदी निरागसपणे म्हणाला, "काकू, भांडणाचा भाग कापला. बरं दिसत नव्हतं. लग्नात मामांचं भांडण आम्ही कापतोच."

कोणीही सांगितलं नव्हतं, हे त्याने गणपतीची शप्पथ घेऊन सांगितलं आणि माझा त्यावर विश्वास बसला. पण 11 मिनिटं गेली होती, आणि आमच्या सभेत कामाची होती ती तीच 11 मिनिटं. नशीब, मूळ फुटेज त्याच्या हार्डडिस्कमध्ये होतं. कुरकुर न करता, जादा पैसे न मागता त्याने ते दिलं. एक स्टार त्याचा.

ते मूळ फुटेज कमिटीने सगळ्या सभासदांसमोर लावलं. अध्यक्षांच्या टेबलावर घंटा होती, तीन मिनिटं झाली की वाजवायची. बँक गॅरंटीवाल्याला ती चाळीस सेकंदांत वाजली, वर "मुद्द्याचं बोला". बिल्डरच्या बाजूने बोलणाऱ्या एकाकडे माईक चार वेळा गेला. मागच्या रांगेतल्या दोन बायकांचे हात वर होते, त्या शेवटी कंटाळून खाली बसल्या. हे सगळं मी मान हलवत बघत होते, आणि मग पार्किंगवर मी उठले. मी कमिटीत खजिनदार. पडद्यावरच्या घड्याळात सव्वानऊ मिनिटं, घंटा गप्प. मला त्या दिवशी वाटलं होतं की मी दोनच वाक्यं बोलले. माझ्या शेजारची चौथ्या मजल्यावरची मुलगी काहीच म्हणाली नाही, फक्त तिने मोबाइलवर वेळ लावली होती ती मला दाखवली.

इतिवृत्त दुरुस्त झालं. बँक गॅरंटीचा प्रश्न विचारणाऱ्याच्या फ्लॅट नंबरासह त्यात आला, उत्तर लेखी द्यायचं ठरलं. अध्यक्ष चार दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी बोलले नाहीत.

तुमच्या सोसायटीत असं काम द्यायचं असेल तर याला जरूर द्या. पहिल्या दिवशीच मूळ फुटेजची प्रत मागा, ती सेक्रेटरींकडे एक आणि विरोधात बोलणाऱ्या कुणाकडे एक ठेवा. माईक दोन भाड्याने घ्या, तो 300 रुपयांत आणून देतो. पुढच्या सभेची पावती मी कालच फाडून घेतली. त्यावर त्याच्या हस्ताक्षरात लिहून घेतलंय: भांडण कापायचं नाही. सनई नको.