कॉइलचे गणित कुठे चुकले, हे दाखवणारे सॉफ्टवेअर : एफईएमएम ४.२

कॉइलचे सिम्युलेशन पूर्ण होते, रंगीत चित्र पडद्यावर उमटते, एकही एरर येत नाही, आणि तरीही हाती आलेला आकडा साफ चुकीचा असतो. सॉफ्टवेअर मध्येच अडले तर निदान काहीतरी बिघडल्याचे कळते. खरा घात होतो तो निमूटपणे आलेल्या चुकीच्या उत्तराने. डेव्हिड मीकर यांनी तयार केलेले एफईएमएम हे विनामूल्य फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर (आकृतीचे लहान-लहान तुकडे पाडून चुंबकी क्षेत्र काढणारे) मी मुख्यतः अशा चुका हुडकण्यासाठी वापरतो आणि त्या कामात त्याच्याइतका भरवशाचा सोबती मला मिळालेला नाही.

हे सॉफ्टवेअर द्विमितीय आहे. आकृती एक तर समतल छेदाची काढायची किंवा अक्षाभोवती फिरवलेल्या छेदाची. पर्याय मोजकेच असल्यामुळे चुकायच्या जागाही मोजक्याच राहतात, आणि दोष शोधताना हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडते. एका त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये लोखंडी गाभ्याच्या कॉइलचे माझे मॉडेल काही केल्या कन्व्हर्ज होत नव्हते, म्हणजे उत्तर स्थिरावतच नव्हते. प्रवाहाची दिशा, हवेची शून्य वाहकता, मेशची (तुकड्यांच्या जाळीची) घनता अशा एकेका संशयावर मी कित्येक दिवस घालवले. अखेर तीच कॉइल एफईएमएममध्ये अक्षसममित छेद म्हणून काढली, गाभ्याची बी-एच सारणी (चुंबकन तीव्रता एच आणि तिच्यामुळे येणारी फ्लक्स घनता बी यांची) भरली आणि वक्र पडद्यावर आणला, तर गुडघ्यापाशी, म्हणजे वक्र आडवा होऊ लागतो तिथे, एक खाच स्पष्ट दिसली. सारणीतल्या दोन ओळींतल्या बीच्या आकड्यांची अदलाबदल झाली होती. एच वाढत असताना बी कमी होत होता. सारणी दुरुस्त केल्यावर मूळ मॉडेलही सुटले.

नव्याने वापरणाऱ्यांनी प्रथम गाभा नसलेली एक साधी कॉइल सोडवून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. लांबी १०० मिमी, त्रिज्या २० मिमी, ५०० वेढे, प्रवाह १ अँपिअर. वेढ्यांचा थर पातळ असेल तर सूत्रानुसार मध्यबिंदूवर सुमारे ५.८३ मिलिटेस्ला क्षेत्र आणि सुमारे ३.३५ मिलिहेन्री इंडक्टन्स यायला हवा. सर्किटच्या गुणधर्मांच्या खिडकीत फ्लक्स लिंकेज (सर्व वेढ्यांतून जाणारा एकूण चुंबकी फ्लक्स) भागिले प्रवाह, म्हणजेच इंडक्टन्स, हा आकडा आयताच मिळतो. तो सूत्राशी जुळला, तरच गाभा घालावा.

आकडा जुळला नाही, तर तो किती पटीने चुकला आहे यावरून चूक ओळखता येते. क्षेत्र २५.४ पट कमी आणि इंडक्टन्स तेवढाच पट जास्त दिसला, तर आकृती मिलिमीटरच्या हिशोबाने काढली आहे, पण लांबीचे एकक इंच राहिले आहे. क्षेत्र ५०० पट कमी आणि इंडक्टन्स अडीच लाख पट कमी आला, तर वेढ्यांची संख्या १ राहिली असणार, किंवा सर्किट ‘सीरीज’ऐवजी ‘पॅरलल’ प्रकारचे घेतले गेले असणार. पॅरललमध्ये सांगितलेला १ अँपिअर हा सबंध छेदातला एकूण प्रवाह धरला जातो. या चुका सॉफ्टवेअर पकडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दिलेला प्रश्न बिनचूकच असतो. एखाद्या भागाला पदार्थ नेमून द्यायचा राहिला, तर मात्र ते गणित सुरूच करत नाही आणि मेश बनवून तो भाग उजळून दाखवते.

सीमेच्या बाबतीतली चूक अधिक फसवी असते, कारण तिथे उत्तर काही टक्क्यांनीच हलते. बाहेरची सीमा कॉइलच्या फार जवळ आखून तिच्यावर चुंबकी विभव (ज्यावरून सॉफ्टवेअर क्षेत्र काढते ती राशी) शून्य ठेवले, तर फ्लक्स आत कोंडला जातो आणि इंडक्टन्स खऱ्यापेक्षा कमी दिसतो. उलट, सीमेला कोणतीच अट लावली नाही, तर फ्लक्सरेषा तिला काटकोनात भेटतात आणि इंडक्टन्स जास्त दिसतो. म्हणून मी तेच मॉडेल दोन्ही प्रकारे सोडवून पाहतो. दोन उत्तरांतली तफावत डोळ्यांत भरण्याइतकी असेल, तर सीमा अपुरी आहे. मोकळ्या अवकाशाची सीमा आपोआप आखून देणारी सोयही आवृत्ती ४.२ मध्ये आहे आणि ती उत्तम चालते.

प्रत्यावर्ती प्रवाहात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे इथला प्रवाह शिखरमूल्यात द्यायचा असतो. आरएमएस (मीटर दाखवतो तो परिणामी) आकडा तसाच भरला, तर तांब्यातला व्यय निम्मा दिसतो आणि कॉइल उगाच थंड वाटते. दुसरी गोष्ट भरीव गाभ्याची. सापेक्ष पारगम्यता १००० आणि वाहकता मीटरला १ कोटी सीमेन्स धरली, तर ५० हर्ट्झला लोखंडातली स्किन डेप्थ (पृष्ठभागापासून प्रवाह साधारण जेवढा आत शिरतो ती खोली) जेमतेम ०.७ मिमी भरते. आपोआप बनलेल्या मेशचा त्रिकोण कित्येकदा याहून मोठा असतो. पृष्ठभागालगत एक पातळ थर वेगळा आखून तिथे स्किन डेप्थमध्ये निदान दोन-तीन एलिमेंट बसवले नाहीत, तर एडी करंटच्या (गाभ्यात उठणाऱ्या भोवरी प्रवाहांच्या) व्ययाच्या आकड्यावर मुळीच विसंबू नये.

गाभा संपृक्त होत असेल, म्हणजे प्रवाह वाढवूनही त्यातला फ्लक्स फारसा वाढत नसेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. साठलेल्या ऊर्जेवरून काढलेला इंडक्टन्स आणि फ्लक्स लिंकेजवरून काढलेला इंडक्टन्स तिथे जुळत नाहीत. तो सॉफ्टवेअरचा दोष नाही. ‘ऊर्जा = अर्धा एल आय वर्ग’ (एल म्हणजे इंडक्टन्स, आय म्हणजे प्रवाह) हे सूत्रच तिथे लागू पडत नाही.

मर्यादा अर्थातच आहेत. समतल मॉडेलमध्ये वेढ्यांची टोके हिशोबातच येत नाहीत, त्यामुळे आखूड गाभ्यावरच्या कॉइलचा रोध आणि इंडक्टन्स दोन्ही कमी भरतात. काळानुसार पुढे सरकणारे गणित इथे नाही, म्हणून रिलेचा (विद्युतचुंबकी स्विचचा) दट्ट्या खेचला जाताना प्रवाह कसा चढत जातो ते थेट मिळत नाही. लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत स्क्रिप्ट लिहून दट्ट्या अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवायचा, प्रत्येक स्थानी बल आणि फ्लक्स लिंकेज नोंदवायचे, आणि त्या तक्त्यावरून गतीचे समीकरण स्वतंत्रपणे सोडवायचे, एवढीच वाट उरते. मी ती अनेकदा चाललो आहे. प्रत्येक पायरीचा आकडा तपासता येतो, म्हणून मला ती जाच वाटत नाही.