संचार साथी: सेवा कामाची, सक्ती चुकीची

फोन हरवला तर तो ब्लॉक करायला दूरसंचार विभागाचं संचार साथी (वेबसाइट आणि अ‍ॅप) खरंच उपयोगी पडतं. आधी पोलिसांत तक्रार करून प्रत घ्या, मग त्याच नंबरचं सिम पुन्हा काढा, कारण ओटीपीसाठी ते लागतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला 24 तास लागू शकतात. दोन सिमच्या फोनला आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांकही दोन असतात, दोन्ही टाका. खोक्यावर सापडतील. रिक्वेस्ट आयडी जपा, फोन मिळाल्यावर अनब्लॉक करायला तोच लागतो.

जुना फोन घेताना पैसे देण्याआधी *#06# दाबून आयएमईआय बघा आणि तो संचार साथीवर तपासाच.

संचार साथीवर आपल्या नावावरची सिम तपासताना मात्र घाई नको. ‘माझा नाही’ म्हणून कळवलेला नंबर आईच्या फोनमधला निघाला, तर तिचाच फोन बंद पडायचा.

हे सगळं वेबसाइटवरही होतं. म्हणूनच नोव्हेंबर 2025 मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये हे अ‍ॅप आधीच घालून देण्याचा कंपन्यांना काढलेला आदेश साफ चुकीचा होता. अँड्रॉइडवर कॉल आणि एसएमएसची परवानगी मागणारं अ‍ॅप ठेवायचं की नाही, हे फोनच्या मालकाने ठरवायचं. विरोधानंतर 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली, हे योग्यच झालं.

फसवणुकीत पैसे गेले असतील तर इथे वेळ घालवू नका, थेट 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.