ऑडी टीटीसाठी रिम्स आणि बजेट कॉइलओव्हर, इंदूरच्या रस्त्यांवर वापरून

गाडी दुसऱ्या पिढीची टीटी, सेकंडहँड. मूळचे डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर) पार बसले होते, सुपर कॉरिडॉरवर जरा वेग घेतला की मागचा भाग तरंगायचा, म्हणून सस्पेन्शन बदलायचंच होतं, कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेला, उंची बदलता येणारा सेट घेतला आणि रिम्सही सोबतच घेतल्या. पहिली गोष्ट हीच सांगतो, दोन्ही एकत्रच निवडा, कारण कॉइलओव्हरची बॉडी आणि रिमची आतली कड यांच्यात किती जागा उरते त्यावर सगळं अडतं.

इथे दुकानात गेलं की पहिला सल्ला ठरलेला, "भिया, साढ़े नौ इंच डलवाओ, पैंतीस ऑफसेट, गाड़ी भरी-भरी दिखेगी." दिसते, खरंय. पण हिशोब करून बघा ना. ऑफसेट म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं मिमीमधलं अंतर, आकडा जितका कमी तितकी रिम बाहेर. मूळ रिम 18 बाय 9 (18 इंच व्यास, 9 इंच रुंद), ऑफसेट 52. त्या जागी साडेनऊ इंची 35 ऑफसेटची लावली तर बाहेरची कड 23 मिमी बाहेर येते, गाडी खाली घेतली की टायर फेंडरला घासणार आणि बेअरिंगवर जादा लोड येणार तो वेगळाच. मी 18 बाय 8.5, ऑफसेट 45 घेतल्या, फ्लो फॉर्म्ड (ओतलेली रिम गरम करून रोलरने दाबून घडवलेली). बाहेरची कड जवळपास मूळच्याच जागी, आणि आतून 13 मिमी मोकळे झाले, कॉइलओव्हरला नेमकी तीच जागा लागते. टायर 245/40 (245 मिमी रुंद, साइडवॉल म्हणजे बाजूची उंची त्याच्या 40 टक्के) तेच ठेवले. 19 इंची घेऊ नका यार, 245/35 ची साइडवॉल 86 मिमी भरते, 18 वर 98 मिळते, आणि सुदामानगरच्या गल्ल्यांतले ब्रेकर नि पावसाळ्यातले खड्डे बघता ते 12 मिमीच रिम वाकण्यापासून वाचवतात.

आता बोल्टकडे नीट बघा, कारण हे कुणी आपणहून सांगत नाही. ऑडीच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोल असतं, बाजारातल्या बहुतेक रिम्सची सीट शंकूसारखी असते. गोल बोल्ट शंकूच्या सीटमध्ये कसला तर लागतो, घट्टही वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर, आणि असा बोल्ट चालता चालता सैल होऊ शकतो. एम14 बाय 1.5 चे शंकूच्या सीटचे बोल्ट वेगळे घ्या, टॉर्क रेंचने 120 न्यूटन मीटर, आणि थोडं चालवून परत तपासा. सेंटर बोअर (रिमच्या मधलं भोक) 57.1 मिमी आहे, रिम 66.6 ची आली तर हब रिंग (मधली फट भरणारी रिंग) घालायचीच, नाहीतर बॅलन्सिंग कितीही वेळा करा, स्टिअरिंग थरथरत राहील.

कॉइलओव्हर तैवानचे, युरोपियन सेटच्या मानाने बरेच स्वस्त, डॅम्पिंग (किती मऊ किंवा कडक ते) वरून नॉबने बदलता येतं. ही टीटी स्कोडा लॉराच्याच (म्हणजे दुसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाच्या) प्लॅटफॉर्मवरची आहे त्यामुळे सेट मिळायला फार शोधाशोध नाही, फक्त पुढच्या स्ट्रटचा व्यास 50 का 55 मिमी हे ऑर्डरच्या आधी मोजून घ्या. ज्या गाडीत मॅग्नेटिक राइड (विजेने कडकपणा बदलणारे डॅम्पर) आहे तिथे साधे कॉइलओव्हर टाकले की डॅशबोर्डवर वॉर्निंग येते, ती कोडिंगने बंद करावी लागते, त्याचा खर्च आधीच धरा.

फिटिंग करणाऱ्या दादांचं काम एक नंबर. हाइट स्प्रिंग दाबून नाही, खालचा ब्रॅकेट फिरवून सेट केली, म्हणजे डॅम्परचा ट्रॅव्हल (वरखाली सरकायची जागा) शाबूत राहतो. आणि सस्पेन्शन आर्म्सच्या बुशचे (सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना शेवटचे कसले नाहीत, चाकांवर वजन आल्यावर कसले. लटकत्या गाडीत कसले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. असा माणूस सापडला तर मजुरीत घासाघीस करू नका. मग अलाइनमेंट, आणि झेनॉन असतील तर हेडलाइटचं लेव्हलिंगही, नाहीतर दिवे फक्त समोरची जमीन दाखवतात.

चालवायला कशी? उंची 25 मिमीच कमी केली, त्याच्याखाली या शहरात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणून वरून चांगल्या दिसणाऱ्या डांबरी रस्त्यालाही लाटा असतात, आणि डॅम्परची परीक्षा तिथेच होते. आता लाट गेली की गाडी एकदाच बसते, डुलत नाही. सिमरोल-चोरलच्या घाटात वळणावर नाक लगेच आत येतं, तिथे चार क्लिक कडक करतो, फार मजा येते. शहरात परत मऊ, तरी छोटे सांधे जाणवतात, आईबाबांना मागच्या सीटवर बसवायची गाडी ही आधीही नव्हती.

तक्रार एकच पण मोठी. कॉइलओव्हरच्या थ्रेडवर (आट्यांवर) चिखल बसतो आणि उंची पक्की करणारी लॉक रिंग जाम होते, पहिल्या पावसातच एका बाजूची पाना लावून हलेना. जूनच्या आधी ब्रशने साफ करून अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि वर रबरी कव्हर चढवा, सेटसोबत ते मिळत नाही.