ओझूवरची तीन पुस्तकं: आधी कुठलं घ्यावं?

'टोकियो स्टोरी' पाहिला, आता त्याचा जपानी दिग्दर्शक ओझू याच्यावर काहीतरी वाचायचंय, असं कुणी म्हणालं की मी आधी त्याचाच 'लेट स्प्रिंग' (१९४९) बघायला सांगतो. त्यात क्योतोच्या मुक्कामातली एक रात्र आहे. लग्नाला होकार दिलेली नोरिको आणि तिचे वडील शेजारी-शेजारी अंथरुणावर. ती बोलतेय, त्यांचा डोळा लागलाय. तिच्या चेहऱ्यावर हलकंसं हसू. मग अंधारातली एक फुलदाणी, मागे बांबूच्या सावल्या. पुन्हा नोरिको, पण आता डोळे भरून आलेले. पुन्हा तीच फुलदाणी. या फुलदाणीचं काय करायचं, यावरून तिन्ही पुस्तकांचा स्वभाव कळतो. तिन्ही इंग्रजीत आहेत.

अमेरिकन समीक्षक डोनाल्ड रिचीच्या 'ओझू'त (१९७४) ती फुलदाणी आपल्या भावना साठवून घेणारं भांडं आहे. रिची १९४७ पासून आयुष्याचा बहुतेक काळ जपानमध्येच राहिला, आणि त्याच्या लिहिण्यात शेजाऱ्याची माया आहे. पटकथा, चित्रीकरण, संकलन असा पुस्तकाचा क्रम, त्यामुळे सिनेमा घडताना दिसतो. शेवटी एकेका चित्रपटाची माहितीही आहे.

पॉल श्रेडरने 'ट्रान्सेन्डेंटल स्टाइल इन फिल्म' (१९७२) लिहिलं तेव्हा तो पंचविशीत होता, त्याने पटकथा लिहिलेला 'टॅक्सी ड्रायव्हर' अजून चार वर्षं लांब होता. त्याच्यासाठी ती फुलदाणी म्हणजे परस्परविरोधी भावना पोटात घेऊन स्थिर झालेलं, पलीकडचं काहीतरी. वाचताना अंगावर काटा येतो, हे खरं. पण ओझू इथे फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँ आणि डॅनिश दिग्दर्शक ड्रायर यांच्यासोबत एका सिद्धांतात बसवलाय, आणि झेन बौद्ध विचाराचा आधार मला जरा ओढूनताणून वाटतो. ते दोघेही आवडत असतील तरच घ्या. घेतलंत तर २०१८ची आवृत्ती बघा, तिच्यात श्रेडरने आपल्या जुन्या मांडणीकडे नव्याने पाहिलंय.

अमेरिकन चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बोर्डवेलचं 'ओझू अँड द पोएटिक्स ऑफ सिनेमा' (१९८८) सर्वांत जाडजूड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं. बोर्डवेल प्रतीकाच्या मागे धावत नाही. दृश्य कुठे येतं, आधी-नंतर काय आहे, कोण कुठे बघतंय, याचा हिशोब मांडतो. ओझूचा खाली ठेवलेला कॅमेरा म्हणजे ततामीवर, जपानी घरातल्या चटईवर, बसलेल्या माणसाची नजर, हे रिचीचं म्हणणं आपण सगळ्यांनी कधीतरी मान डोलावून ऐकलंय. बोर्डवेल विचारतो, मग रस्त्यावर आणि कचेरीतही कॅमेरा खालीच कसा? समोरच्या वस्तूच्या मानाने तो नेहमी खाली असतो, ही ओझूची स्वतःची शिस्त आहे, जपानी बैठकीशी तिचं नातं जोडायची गरज नाही. हे वाचल्यावर मी 'टोकियो स्टोरी' परत लावला आणि अर्धा वेळ फक्त टेबलांच्या कडा बघत बसलो.

मात्र ते पहिलं पुस्तक म्हणून हातात घेऊ नका, दमछाक होते. पैसे रिचीवर खर्च करा. बोर्डवेलचं पुस्तक मिशिगन विद्यापीठाच्या जपान-अभ्यास केंद्राने इंटरनेटवर मोफत ठेवलंय. चार-पाच चित्रपट झाले की ते उतरवून घ्या, आणि जो चित्रपट कालच पाहिलाय त्याचंच प्रकरण आधी उघडा.